खाज्याचा पुडा, जत्रेचे नाटक आणि आयपीतला एलएलएम

म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेत खाजे घेत उभा होतो. शेजारच्या वाड्यावरच्या एक वहिनी लेकीसह भेटल्या. लेक एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. "भावजी, ही म्हणते आयपीत एलएलएम करणार. आयपी म्हणजे ते इन्कम टॅक्सचे काय?" लेकीने आभाळाकडे बघितले.

मी वकील. त्यातही ट्रेडमार्क-कॉपीराइटची कामे जास्त, म्हणून असले प्रश्न माझ्याकडे येतात. 'आयपी म्हणजे बौद्धिक संपदा, एलएलएम म्हणजे कायद्यातली पदव्युत्तर पदवी' असे सांगितले की समोरचा मान हलवतो, पण कळलेले काहीच नसते. त्या दिवशी हातात खाज्याचा पुडा होता, म्हणून तिथूनच सुरुवात केली.

बेसनाच्या कांड्या तळायच्या, आले घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवायच्या, वर तीळ. ही कृती कोणाच्या बापाची नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, कोणीही घरी करावी. पण पुड्यावर खाजेकाराने आपले नाव आणि समईचे चित्र छापले आहे. तेच नाव, तसेच चित्र दुसऱ्याने छापले तर गिऱ्हाईक फसेल, म्हणून ते नाव त्याचे. हा ट्रेडमार्क. साडेचार हजार रुपये भरून एकट्या माणसाला किंवा छोट्या उद्योगाला एका वर्गात ऑनलाइन अर्ज करता येतो. मिठाईचा वर्ग तिसावा. नोंदणी दहा वर्षांची आणि दर दहा वर्षांनी नूतनीकरण केले तर कायमची.

आता 'गोव्याचे खाजे' हे नाव घ्या. ते एका खाजेकाराचे नाही, खाजे करणाऱ्या सगळ्यांचे मिळून आहे, कारण त्याची ख्याती या मुलखाशी बांधलेली आहे. हे जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन. गोव्यात हा मान पहिल्यांदा काजूच्या फेणीला २००९ मध्ये मिळाला. खोल्याची मिरची, मयड्याची केळी, खाजे, मानकुराद आंबा, बेबिंका ही मंडळी मागून आली.

इथे वहिनींनी बरोबर प्रश्न काढला. "म्हणजे सावंतवाडीवाल्याने मानकुरादचे कलम लावायचे नाही?" खुशाल लावावे. जीआय झाडावर नसते, नावावर असते. आंबा त्याचा, पण पेटीवर 'गोव्याचा मानकुराद' असे लिहिता येणार नाही. आणखी एक फरक आहे, तो एलएलबीच्या पोरांनाही पटकन सांगता येत नाही. ट्रेडमार्क विकता येतो, भाड्याने देता येतो, गहाण ठेवता येतो. जीआय कायद्याच्या कलम २४ ने मात्र हे सगळे बंद केले आहे. उद्या एखादी मोठी कंपनी पैशांची थैली घेऊन आली तरी 'फेणी' हे नाव तिला विकायचा अधिकार भाटीवाल्यांच्या संघटनेला नाही. सामाईक विहिरीसारखे आहे हे. सगळ्यांनी पाणी भरावे, विहीर विकायची नाही.

बौद्धिक संपदेच्या प्रत्येक कायद्यात हेच तीन प्रश्न असतात. हक्क नेमका कशावर, कोणाचा आणि किती काळ. एका पुड्यावर दोन हक्क सापडले, आणि त्यातला तिसरा भाग, कृती, मोकळी निघाली. काय मोकळे आहे हे सांगता येणे ही या विषयातली अर्धी विद्या. अशील येतो तो 'माझे काय आहे' विचारायला. त्याला 'हे तुझे नाही, कोणाचेच नाही' असे सांगावे लागते तेव्हा वकिलाची परीक्षा होते.

खाज्याच्या दुकानापासून चार पावलांवर मांडव. आपल्याकडे जत्रा म्हटली की हौशी मराठी नाटक आलेच. पोस्टमनपासून पंचापर्यंत सगळे तोंडाला रंग लावतात. आता नाटककार पुण्या-मुंबईचा असेल आणि हयात असेल, तर त्याची परवानगी न घेता प्रयोग करणे ही चोरी का?

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याचे कलम ५२ म्हणजे सुटींचे कलम. कोणकोणत्या गोष्टी उल्लंघन ठरत नाहीत याची लांबलचक यादी त्यात आहे. त्यात एक पोटकलम असे की, हौशी मंडळाने फुकट बघणाऱ्या प्रेक्षकांसमोर किंवा धार्मिक संस्थेच्या लाभासाठी नाटक केले, तर ते उल्लंघन नाही. कोणीतरी आमच्या जत्रेत बसून ते लिहिले असावे असे मला नेहमी वाटते. पण वाक्य बारकाईने वाचा. मंडळ हौशी हवे. मग बाहेरून मानधन देऊन नटी आणली तर मंडळ हौशी राहिले का? सूट प्रयोगापुरती आहे. त्याच प्रयोगाचे चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकले तर? तिथे ही सूट कामाची नाही, कारण लोकांपर्यंत ऑनलाइन पोचवणे हा वेगळा हक्क आहे आणि तो लेखकाकडेच राहतो. शिवाय रंगमंचावर उभ्या असलेल्या नटांचेही स्वतःचे कलाकार-हक्क आहेत, पन्नास वर्षांचे. म्हणजे एका व्हिडिओत लेखक, संगीतकार, नट असे किती जण आपापला वाटा घेऊन बसलेले असतात. परवानगी लागो न लागो, लेखकाला एक पत्र पाठवून पानसुपारी द्यावी, हे माझे मत. कायद्याचे नव्हे.

याच कलम ५२ ने दोन वर्षांपूर्वी गोव्यात मोठी चर्चा घडवली. धार्मिक समारंभात गाणी वाजवायला परवानगी लागत नाही, असे आणखी एक पोटकलम आहे, आणि धार्मिक समारंभात लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले इतर सामाजिक सोहळेही येतात असे त्याच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. गोव्याच्या किनाऱ्यावरची पंचतारांकित लग्ने, तीन-तीन दिवसांचे डीजे, हळदीला एक आणि संगीताला दुसरा. हे सगळे 'लग्नाशी जोडलेले सोहळे' धरायचे का? ध्वनिमुद्रणाचे हक्क असलेल्या कंपन्या म्हणाल्या, नाही, पैसे भरा. राज्य सरकारने २०२४ च्या सुरुवातीला परिपत्रक काढले की अशा सोहळ्यांसाठी कोणी पैसे मागू नयेत. कंपन्या पर्वरीला मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे गेल्या आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ते परिपत्रक रद्द झाले. संसदेने केलेल्या कायद्याचा अर्थ परिपत्रकाने वाढवता येत नाही, असा त्याचा गाभा. लग्नात गाणे वाजवणे गुन्हा झाला, असा अर्थ काही जणांनी काढला, तो चुकीचा. सूट कायद्यात आहे तशीच आहे. तिची हद्द कुठवर, हे प्रत्येक प्रकरणात न्यायालय बघेल, सरकारी कागद नव्हे.

एलएलबी आणि एलएलएममधला फरक मला इथेच दाखवता येतो. एलएलबीत बौद्धिक संपदा हा बहुतेक ठिकाणी एखाद-दुसरा पेपर. कलम काय, मुदत किती, गाजलेले निकाल कोणते, एवढे झाले की वर्ष निघते. एलएलएममध्ये विचारतात, हे कलम असे का आहे आणि वेगळे असते तर काय बिघडले असते.

साधे उदाहरण. लोटलीचे मारियो मिरांडा डिसेंबर २०११ मध्ये गेले. त्यांची चित्रे आपल्याकडे कपांवर, फरशांवर, टीशर्टांवर दिसतात. कॉपीराइट लेखक-चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या चित्रांवर २०७१ च्या अखेरपर्यंत. त्यांचे मूळ चित्र तुमच्या दिवाणखान्यात टांगलेले असले तरी ते कपावर छापायचा हक्क तुम्हाला आपोआप मिळत नाही. कागद तुमचा, कॉपीराइट नाही. हे झाले एलएलबी.

एलएलएमचा विद्यार्थी पुढे विचारतो की साठच का. आंतरराष्ट्रीय करारात तर किमान पन्नास म्हटले आहे. आपल्याकडेही आधी पन्नासच होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये गेले. त्यांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ च्या अखेरीला संपत होता आणि तो होता विश्वभारती विद्यापीठाकडे. १९९२ मध्ये कायदा बदलून मुदत दहा वर्षांनी वाढवली गेली. एका कवीपायी सगळ्या देशाची मुदत बदलली! ते बरे झाले की वाईट, त्यात वाचकाचे काय गेले, प्रकाशकाला काय मिळाले, यावर पंचवीस पाने लिहून दाखवायची असतात. ज्याला असे लिहिण्यात रस नाही, त्याने एलएलएमच्या वाटेला जाऊ नये. नुसती अर्ज भरण्याची कामे करायची असतील तर एखाद्या चांगल्या वकिलाच्या हाताखाली दोन वर्षे काढलेली बरी.

पेटंटचा, म्हणजे नव्या शोधावरच्या हक्काचा, भाग मी जत्रेत सांगितला नाही, नंतर वहिनींच्या ओट्यावर बसून सांगितला. त्यासाठी आपल्या माशेलच्या माणसाची गोष्ट पुरते. डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे, म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे, महासंचालक होते तेव्हाची. जखमेवर हळद लावण्याच्या वापरावर अमेरिकेत १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले. आपल्याकडे पोर खरचटून आले की आजी डब्यातली हळद काढते, यात नवीन ते काय? पण त्या काळच्या अमेरिकन कायद्यात एक मेख होती. परदेशात एखादी गोष्ट केवळ वापरात आहे, एवढ्याने पेटंटमधला नवेपणा जात नसे. ती कुठेतरी छापलेली दाखवावी लागे. म्हणजे आजीची साक्ष चालणार नाही, कागद आणा. सीएसआयआरने संस्कृत, उर्दू, हिंदीतले जुने ग्रंथ आणि १९५३ चा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला एक लेख पुढे केला. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. पुढे २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल साठा तयार करायला घेतला तो याच अनुभवातून. परदेशी तपासनीसांना ते आधीच वाचता यावे, अशी कल्पना.

आपला पेटंट कायदा १९७० चा. मुदत वीस वर्षे, नूतनीकरण नाही. त्यातले कलम ३ सांगते की कशाला पेटंट मिळणारच नाही. पारंपरिक ज्ञानाला नाही, शेतीच्या पद्धतीला नाही, आणि ३(ड) प्रमाणे जुन्याच औषधाच्या नव्या रूपाला नाही, जोवर त्याचा गुण वाढल्याचे दाखवता येत नाही. नोव्हार्टिसच्या ग्लिव्हेक या कर्करोगावरच्या औषधाचा खटला सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी याच कलमावर निकाली काढला आणि कंपनी हरली. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधे करणाऱ्या माणसाला हे कलम वकिलाइतकेच जवळचे. कोणते औषध कधी मोकळे होणार, यावर त्याच्या कारखान्याचे वेळापत्रक ठरते.

आता मुख्य अडचणीची गोष्ट. तुमची पहिली पदवी कोणती, यावर पुढचे दार ठरते, आणि हे प्रवेशाच्या माहितीपुस्तकात ठळक छापलेले नसते.

एलएलएमला एलएलबी हवीच. पण पेटंट एजंट व्हायचे, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने पेटंटचे अर्ज तयार करून दाखल करायचे, तर विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानातली पदवी लागते. पेटंट कायद्याच्या कलम १२६ मध्ये ते स्पष्ट आहे. वयाची एकवीस वर्षे पूर्ण आणि पेटंट कार्यालयाची परीक्षा उत्तीर्ण. बी.ए. करून एलएलबी, वर आयपीत एलएलएम आणि सुवर्णपदक, तरी ही परीक्षा देता येत नाही. उलट रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलेल्या, कायद्याची पदवी नसलेल्या मुलाला देता येते. बी.ए.वाल्या वकिलाला पेटंटमध्ये जागाच नाही असे नव्हे. पेटंट नियंत्रकापुढच्या सुनावणीत वकील उभा राहू शकतो, खटले लढवू शकतो. पण मसुदा लिहिण्याचे पोटापाण्याचे काम एजंटाचे. आमच्या वहिनींची लेक बारावीनंतर थेट पाच वर्षांच्या बी.ए. एलएलबीला गेलेली. ते ऐकून तिचा चेहरा पडला. मी म्हटले, ट्रेडमार्क, कॉपीराइट, जीआय, डिझाइन आणि करारमदार एवढे सगळे उरले आहे, आयुष्य पुरणार नाही.

आणि खास आपल्या गोव्यासाठी एक गोष्ट. कलम १२६ मध्ये पहिली अट आहे भारतीय नागरिकत्वाची. आजोबांच्या जन्मनोंदीवरून लिस्बनला कागद करून पोर्तुगीज पासपोर्ट घेणारे घरोघर आहेत. वकिलीच्या सनदेलाही साधारणपणे भारतीय नागरिक असावे लागते. युरोपात स्वस्तात शिकता येईल म्हणून पासपोर्ट बदलायचा आणि परत येऊन इथे पेटंट एजंट व्हायचे, हे जमणार नाही. घरात हा विषय निघाला असेल तर क्रम नीट ठरवा.

भारतात एलएलएम एक वर्षाचा आहे आणि दोन वर्षांचाही. एक वर्षाचा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१३ च्या चौकटीतला. त्यात संशोधनपद्धती, तुलनात्मक सार्वजनिक कायदा आणि जागतिकीकरणातला न्याय हे तीन विषय सक्तीचे, सहा ऐच्छिक, आणि प्रबंधिका. विशेषीकरण म्हणजे काय तर ते सहा ऐच्छिक विषय. म्हणून जाहिरातीत 'आयपीआरमध्ये एलएलएम' असे लिहिलेले बघून हुरळून जाऊ नये. यंदा त्या सहातले किती विषय खरोखर शिकवले जाणार आणि कोण शिकवणार, हे विचारावे. यादीत बारा विषय असतात, प्राध्यापक दोनच. मिरामारचे साळगावकर कायदा महाविद्यालय असो की मडगावचे कारे, तिथेही हाच प्रश्न घेऊन जावे. फोन नको, प्रत्यक्ष जावे आणि ग्रंथालयात अर्धा तास बसून यावे.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट या सामाईक प्रवेशाची पदव्युत्तर परीक्षा, एकशेवीस वस्तुनिष्ठ प्रश्न, दोन तास. दिल्लीच्या विद्यापीठाची परीक्षा वेगळी. आयपीसाठी कोचीचे कुसॅट विद्यापीठ जुने आणि भक्कम नाव आहे. खरगपूरच्या आयआयटीत २००६ पासून याच विषयाला वाहिलेली कायदाशाळा आहे. तिथला तीन वर्षांचा एलएलबी अभियंत्यांसारख्यांसाठी, शिवाय एलएलएमही आहे. नोकरी सोडता येत नसेल तर हैदराबादचे नालसार, बंगळुरूचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ आणि इग्नू यांचे घरबसल्या पदविका अभ्यासक्रम आहेत. पदविकेने एलएलएमचा दर्जा मिळत नाही, पण कंपनीत काम करणाऱ्या केमिस्टला किंवा कंपनी सेक्रेटरी झालेल्या मुलीला ती पुरते.

परदेशाचे थोडक्यात. म्युनिकचे बौद्धिक संपदा केंद्र, लंडनचे क्वीन मेरी, ट्युरिनला जागतिक बौद्धिक संपदा संघटनेबरोबर चालणारा एलएलएम, ही नावे चांगली आहेत. पण हा कायदा देशाच्या हद्दीत चालतो. म्युनिकमध्ये शिकलेला युरोपीय पेटंट कायदा मुंबईच्या पेटंट कार्यालयात जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. कर्ज काढण्याआधी जागतिक संघटनेच्या अकादमीचा प्राथमिक ऑनलाइन अभ्यासक्रम करून बघावा. फुकट आहे. तो तिसऱ्या आठवड्यात कंटाळवाणा वाटला तर वीस-तीस लाख वाचले म्हणायचे.

नंतर काम कुठे? खरे सांगायचे तर गोव्यात राहून फक्त आयपीवर घर चालवणे अजून कठीण आहे. आपली पेटंटची आणि ट्रेडमार्कची कामे मुंबईच्या कार्यालयाकडे जातात, जीआयची चेन्नईला, डिझाइनची कोलकात्याला, कॉपीराइटची दिल्लीला. अर्ज ऑनलाइन झाल्याने पणजीत बसून बरेच करता येते. २०२१ मध्ये बौद्धिक संपदेचे अपील मंडळ बरखास्त झाले आणि ती अपिले उच्च न्यायालयांकडे आली, त्यामुळे कोर्टातले कामही वाढले. आयपीचे दावे थेट जिल्हा न्यायालयात सुरू होतात, खालच्या दिवाणी कोर्टात नाही. इथली हॉटेले, फेणीच्या नव्या कंपन्या, औषधवाले, चित्रकार यांना सल्ला लागतोच. पण पहिली चार-पाच वर्षे बाकीची दिवाणी कामे जोडीला घ्यावी लागतील. शिकवायचे असेल तर एलएलएमनंतर नेट, ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा.

वहिनींना यातले किती पटले माहीत नाही. "कोर्टात काळा कोट घालून उभी राहील ना?" एवढेच त्यांनी जाताना विचारले. लेकीला मी एक काम दिले होते. कलम ५२ मधले हौशी नाटकाचे पोटकलम मूळ इंग्रजीतून तीनदा वाच आणि जे खटकेल ते लिहून पाठव.

चौथ्या दिवशी रात्री अकराला तिचा मेसेज आला. 'काका, धार्मिक संस्थेच्या लाभासाठी म्हणजे तिकिटाचे पैसे देवस्थानाला जायला हवेत, की देवळाच्या मांडवात खेळ झाला एवढे पुरे? आणि आमच्या वाड्यावरच्या नाटकात पैसे पडतात ते देणगीपेटीत, मग प्रेक्षक फुकटे की पैसे देणारे?' खाली तिने त्या पेटीचा फोटो जोडला होता.

रविवारी तिला कागद घेऊन ये म्हटले आहे.